'ल सामुराई': ब्लू-रे घरात असताना ४के घ्यायची का?

निशाचर
मंडळी, सल्ला हवा आहे. फ्रेंच दिग्दर्शक जाँ-पिएर मेलविलचा 'ल सामुराई' (१९६७) हा माझा वर्षातून एकदा तरी बघायचा सिनेमा. अलँ दलाँ, ती हॅट, तो ट्रेंचकोट, पिंजऱ्यातला पक्षी, सगळं पाठ आहे. माझ्याकडे क्रायटेरियनची (जुने नावाजलेले सिनेमे डिस्कवर काढणारी अमेरिकन कंपनी) २०१७ ची ब्लू-रे आहे. २०२४ च्या जुलैत त्यांनीच नवीन रेस्टोरेशन (जुन्या फिल्मची डागडुजी) करून ४के, म्हणजे ब्लू-रेच्या चौपट ठिपक्यांची डिस्क, काढली, आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

प्रश्न दोन. ५५ इंची टीव्हीवर फरक कळतो का? आणि नव्या आवृत्तीत रंग बदललेत अशी कुरकुर ऐकतोय, त्यात तथ्य किती? स्क्रीनशॉट बघून बघून डोकं उठलं. नायकाच्या, म्हणजे जेफच्या खोलीची भिंत एका ठिकाणी राखाडी, दुसऱ्या ठिकाणी हिरवट, तिसऱ्या ठिकाणी निळी.

माझं स्वतःचं मत विचाराल तर एकच सिनेमा आपल्याला चार-चारदा विकायचा हा धंदा आहे. पण मत असूनही हात शिवशिवतोच.

टवाळखोर
रुमाल टाकून जागा धरली आहे. चहा घेऊन येतो.

जुनी रीळ
निशाचर, रंगांच्या भांडणात उतरण्याआधी एक गोष्ट. या सिनेमातला रंग मुळातच पिळून काढलेला आहे. रंगीत फिल्मवर कृष्णधवल सिनेमा करायचा, ही मेलविलची जुनी हौस. जेफची खोली आठवा. भिंती, पडदे, पलंग, धूर, सगळं राखाडीच्या घरातलं. भडक रंगांच्या सिनेमात थोडी हिरवी झाक आली तर खपून जाते. इथे केसभर फरक पडला तरी सगळी खोली वेगळी दिसते. म्हणून या एका सिनेमावरून एवढी भांडणं.

आता खरा रंग कोणता हे सांगणार कोण? मेलविल १९७३ मध्ये गेला. छायाचित्रकार आंरी दकाए १९८७ मध्ये गेला. मेलविलच्याच 'आर्मी ऑफ शॅडोज'चं नशीब बरं. त्याचं रेस्टोरेशन झालं तेव्हा छायाचित्रकार पिएर लोम हयात होता आणि काम त्याच्या देखरेखीखाली झालं. 'सामुराई'ला असा साक्षीदार उरलेला नाही. जे काही आहे ते लॅबमध्ये बसलेल्या माणसाची समज आणि त्याच्यासमोरची कागदपत्रं.

पडदानशीन
पण साक्षीदार माणूसच कशाला हवा? जुन्या प्रिंट्स असतील की. एक काढायची, शेजारी लावून रंग जुळवायचे.

जुनी रीळ
तीच तर गोम आहे. त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंट्स टिकत नाहीत. तीन रंगांच्या थरांपैकी निळा-हिरवा थर सगळ्यात आधी उडतो, उरतो गुलाबी. फिल्म सोसायटीच्या काळात असे गुलाबी सिनेमे आम्ही पोत्याने पाहिलेत. आकाश गुलाबी, बर्फ गुलाबी, पोलिसाचा गणवेश गुलाबी. निगेटिव्ह जरा बरी टिकते, पण निगेटिव्हमध्ये 'अंतिम' रंग नसतो. तो प्रिंट काढताना ठरायचा. अमुक शॉटला इतका लाल, इतका हिरवा, असं नोंदवून. ती नोंद हरवली की संपलं.

ठोकळा
सगळं मान्य, पण निशाचरसाहेबांनी स्क्रीनशॉटवरून मत बनवणं आधी थांबवावं. ४के डिस्क एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी) असेल तर तिचं चित्र साध्या मॉनिटरसाठी बदलून मगच जेपीजी निघतं. ते बदलायचं गणित प्रत्येकाच्या सॉफ्टवेअरचं वेगळं. एकाच फ्रेमचे तीन रंग तुम्हाला दिसले, ते तीन सॉफ्टवेअरचे असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

आणि टीव्ही कुठल्या मोडवर आहे? दुकानातून आला तसा 'व्हिविड'वर असेल तर रेस्टोरेशनवाल्यांना शिव्या घालायचा अधिकार नाही. फिल्ममेकर मोड लावा, नाहीतर सिनेमा मोड. ते मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. मेलविलचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसायला लागतो.

निशाचर
मोड सिनेमाच आहे, ठोकळाभाऊ. इतका गेलेला नाहीये मी.

रातकिडा
माझं जरा उलटं मत. तुम्ही लोक सिनेमा बघता की भिंत बघता? मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो कोणीतरी कॉपी केलेल्या सीडीवर, हॉस्टेलच्या कॉम्प्युटरवर. अंधारात काय चाललंय ते निम्मं दिसत नव्हतं. तरी रात्रभर झोप लागली नाही. चांगला सिनेमा वाईट प्रतीतूनही पोचतो. वाईट सिनेमाला ४के काय करणार?

ओवी
रातकिडा, +१, पण अर्धाच. पोचतो हे खरं, काय पोचतं हा प्रश्न उरतो. पहिलाच शॉट घ्या. खोली, खिडक्यांतून येणारा फिकट उजेड, आणि बराच वेळ आपल्याला कळतच नाही की पलंगावर माणूस पडलेला आहे. मग सिगारेटचा धूर वर येतो. मेलविलने तिथे कॅमेरा मागे घेत झूम पुढे केलाय आणि मध्ये मध्ये थांबवलाय, त्यामुळे खोली किंचित हलल्यासारखी वाटते. डीव्हीडीवर तो धूर म्हणजे चौकोनी डागांचा घोळका होता. मला वाटायचं डिस्क खराब आहे. ब्लू-रेवर पहिल्यांदा धूर धुरासारखा दिसला, आणि तो शॉट काय आहे ते तेव्हा कळलं.

तसंच पुढे गाडी चोरतानाचं. चावीचा जुडगा शेजारच्या सीटवर, एकेक चावी लावून बघतोय, नजर समोर. चेहऱ्यावर काहीच नाही. काचेवर पावसाचे ओघळ. ते ओघळ आणि त्याच्या मागचा चेहरा वेगवेगळे दिसले नाहीत तर त्या प्रसंगात बघायचं काय? संवाद तर नाहीच.

चकली
संवादावरून आठवलं. आमच्याकडे हा सिनेमा लावला तेव्हा सासूबाई पाच मिनिटं शांत बसल्या. मग म्हणाल्या, "आवाज बंद आहे का गं?" सुरुवातीला जवळजवळ दहा मिनिटं कोणी बोलतच नाही. शेवटी त्यांनी स्वतः रिमोट घेऊन आवाज वाढवला, आणि तो पक्षी असा काही ओरडला की शेजारच्यांनी बेल वाजवली.

टवाळखोर
हसून हसून पुरेवाट! सासूबाईंना क्रायटेरियनच्या ऑडिओ विभागात घ्या.

खिडकीपाशी
चकलीताईंचा किस्सा भारी आहे, पण मुद्दा त्यातच आहे. या सिनेमाची गुणवत्ता बोलताना सगळे चित्रावरच बोलतात. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. पक्ष्याची चिवचिव, रस्त्यावरच्या गाड्या, पाऊस, आणि मग फ्रांस्वा द रुबेचं संगीत. याचं ५.१ (चहूबाजूंच्या स्पीकरमधला आवाज) करून तो पक्षी मागच्या स्पीकरमध्ये नेऊन बसवला तर सिनेमाचा बट्ट्याबोळ. क्रायटेरियनच्या दोन्ही आवृत्त्यांत मोनोच आहे, हे बरं केलंय.

दुसरं पाप म्हणजे आवाज 'स्वच्छ' करणं. जुन्या ट्रॅकवरची खरखर काढता काढता खोलीचा आवाजही निघून जातो. 'रिफिफी' (१९५५) पाहिलाय ना? झ्यूल दासँचा. मधली दरोड्याची सुमारे अर्धा तासाची लांबण, ना संवाद ना संगीत. तिथे पावलं, हातोडा, श्वास एवढंच आहे. त्या आवाजांच्या मधली जागा घासूनपुसून कोरडी केली तर टीव्ही म्यूट झाल्यासारखं वाटतं. थोडी खरखर राहू द्यावी. कान पाच मिनिटांत सरावतो.

रातकिडा
दासँ फ्रेंच नव्हे, अमेरिकन. हॉलीवूडमध्ये काळ्या यादीत टाकला म्हणून युरोपात आला. आणि त्याच सिनेमासाठी १९५५ ला कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं बक्षीस घेऊन गेला. सूड असावा तर असा.

खिडकीपाशी
दिग्दर्शक अमेरिकन, सिनेमा फ्रेंच. दोन्ही खरं. पुढे चला.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून. निशाचर, तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट विचारलीच नाही. तुमचा प्लेअर कोणता? २०१७ ची ब्लू-रे रीजन ए आहे (रीजन म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल याचा कोड). भारत रीजन सी. ती तुमच्याकडे चालते म्हणजे प्लेअर तिकडून आणलाय किंवा रीजन उघडलेला आहे.

४के डिस्कला रीजनची भानगड नाही. त्या फॉरमॅटमध्ये ती ठेवलेलीच नाही. त्यामुळे पुण्यातल्या दुकानातला साधा ४के प्लेअरही ती डिस्क वाजवेल. पॅकमध्ये सोबत जी ब्लू-रे येते ती मात्र पुन्हा रीजन ए. म्हणजे महाग डिस्क बिनबोभाट चालणार आणि स्वस्त डिस्क अडून बसणार. भारतातल्या माणसाला ४के घ्यायचं सगळ्यात व्यवहारी कारण हेच आहे, रंग-बिंग नंतर.

पडदानशीन
वा, हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

मु. पो. पॅरिस
इथून थोडी भर. फ्रान्समध्ये निघालेली डिस्क घ्यायचा मोह होतो, कारण सिनेमा इथलाच. पण घेण्याआधी पाठ उलटून बघा. बऱ्याच फ्रेंच डिस्कवर सबटायटल्स फक्त फ्रेंच असतात, तीही कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेली. म्हणजे पडद्यावर 'दार वाजतं', 'पक्षी ओरडतो' असं फ्रेंचमध्ये वाचत बसायचं.

अवांतर: मेलविलचा स्वतःचा स्टुडिओ होता, रू झेनर या रस्त्यावर, पॅरिसच्या तेराव्या विभागात. 'सामुराई'चं शूटिंग चालू असताना जून १९६७ मध्ये तो जळाला. आगीत जीव गेला तो सिनेमातल्या पक्ष्याचा. तुम्ही ज्या चिवचिवाटावर चर्चा करताय, तो त्याचा.

चकली
अरेरे. हे सासूबाईंना सांगणार नाही.

अर्धवटराव
माझ्याकडे युरोपातून आणलेली जुनी डीव्हीडी आहे 'सामुराई'ची. प्लेअरवर लांबी १०१ मिनिटं दिसते. नेटवर सगळीकडे १०५. चार मिनिटं कापली कोणी? सेन्सॉर?

ठोकळा
कापलेली नाही, पळवलेली आहे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम. पाल पद्धतीचा टीव्ही सेकंदाला २५. युरोपात सरळ २४ च्या जागी २५ फ्रेम लावून मोकळे व्हायचे. सगळं ४ टक्के वेगाने. १०५ ला २४ ने गुणा, २५ ने भागा, १००.८ येतात. आवाजाची पट्टीही थोडी चढते. दलाँ मुळात इतका सावकाश चालतो की लक्षात येत नाही, पण द रुबेचं संगीत ओळखीचं असेल तर कान टवकारतात.

आपल्याकडेही पालच होतं, त्यामुळे डीव्हीडीवर पाहिलेल्या कित्येक युरोपियन सिनेमांची आपली आठवण मुळात ४ टक्के घाईची आहे. ब्लू-रेपासून २४ फ्रेम सरळ २४ च चालतात.

अर्धवटराव
म्हणजे माझी चार मिनिटं सुखरूप आहेत. आभार.

टवाळखोर
२५ वर्षांत पाहिलेल्या सगळ्या डीव्हीडींची मिळून बहुतेक एक सुट्टी वाचली असेल. कुठे गेली ती?

निळावंती
सगळं वाचलं. 'ग्रेन' या विषयावर कोणीच कसं बोललं नाही? माझ्या घरी नवरा जुना सिनेमा लागला की म्हणतो, "एवढे पैसे घालून हे मुंग्या आल्यासारखं काय?" त्याला कितीदा सांगितलं की तो फिल्मचाच पोत आहे. फिल्मवर चित्र दाण्यांनीच बनतं. दाणे पुसले की चित्रही पुसलं जातं. काही कंपन्यांनी गिऱ्हाइकाला खूश करायला डीएनआर (दाणे पुसणारी डिजिटल सफाई) मारून मारून चेहरे असे गुळगुळीत केले की माणसं मेणाची वाटावीत. दलाँचा चेहरा आधीच देखणा आणि निर्विकार. त्यावर डीएनआर मारला तर शोरूममधला पुतळा उरेल.

रातकिडा
तुमच्या यजमानांशी मी सहमत आहे, सॉरी. सगळाच दाणा पवित्र नसतो. फिल्मचा दाणा वेगळा आणि वाईट स्कॅनिंगचा, कंप्रेशनचा गोंगाट वेगळा. हल्ली कुठलाही कचरा दिसला की भक्त म्हणतात 'पोत आहे, पोत आहे'.

निळावंती
हे मात्र मान्य. ओळखायचं कसं ते सांगते. फ्रेम थांबवा आणि सपाट जागा बघा. जेफच्या खोलीची भिंत यासाठी उत्तम. दाणा खरा असेल तर बारीक, विखुरलेला, प्रत्येक फ्रेमला वेगळा. कंप्रेशनचा कचरा असेल तर त्यात चौकोन दिसतात आणि तो दोन-तीन फ्रेम जागचा हलत नाही. हॅटच्या कडेने पांढरी रेघ फिरत असेल तर कोणीतरी कडा धारदार करायचं बटण दाबलंय. जुन्या डीव्हीडींवर ही रेघ सर्रास.

ओवी
आणि म्हणूनच 'स्ट्रीमिंगवर ४के आहे की' म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. दाणा दर फ्रेमला बदलतो, म्हणून कंप्रेशनला तोच सगळ्यात जड जातो. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा, ४के डिस्कवर त्याच्या दुपटीहून जास्त. स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५ ते २५ च्या घरात. पहिला बळी दाणा, दुसरा धूर. पुन्हा तोच धूर चौकोनी.

पडदानशीन
अवांतर प्रश्न. सुरुवातीला बुशिदोमधलं (सामुराईंच्या आचारसंहितेतलं) म्हणून जे वाक्य येतं, सामुराईइतकं एकटं कोणी नाही, जंगलातला वाघ सोडला तर, ते मूळ ग्रंथात कुठे आहे?

मु. पो. पॅरिस
कुठेच नाही. मेलविलने स्वतः रचून बुशिदोच्या नावावर खपवलंय. पुढे 'ल सेर्क्ल रूज'मध्ये (१९७०) याच गृहस्थाने एक वाक्य थेट बुद्धाच्या तोंडी घातलं. लाल खडूने वर्तुळ काढलं वगैरे. तेही घरगुती उत्पादन.

अर्धवटराव
म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सुविचारांचे आद्य प्रवर्तक.

जुनी रीळ
नावही स्वतःचं नव्हतं. जन्मनाव ग्रुमबाख. मेलविल हे अमेरिकन लेखकावरून घेतलेलं, नाझींविरुद्धच्या फ्रेंच प्रतिकाराच्या चळवळीत असताना. ज्याने नावच बदललं तो बुद्धाला काय सोडतो?

संपादक मंडळ
चर्चा छान चालू आहे. धागा डिस्कवरून बुद्धावर गेला आहे, कृपया परत आणावा.

निशाचर
संपादकांचे आभार. माझे दोन प्रश्न अजून फुटपाथवरच उभे आहेत. कोणाकडे दोन्ही डिस्क आहेत का?

सातासमुद्रापार
माझ्याकडे आहेत. माझ्या डोळ्यांना जाणवलं ते सांगतो, प्रमाण मानू नका. फरक उजेडातल्या प्रसंगांत कमी, अंधारात जास्त. उपनगरातल्या त्या गॅरेजमध्ये जेफ गाडी नेतो, नंबरप्लेट बदलून घेतो, एक शब्द न बोलता. तिथे कोट आणि मागचा अंधार ब्लू-रेवर एकमेकांत मिसळायचे. नव्या डिस्कवर कोटाची घडी दिसते. रंगांचं म्हणाल तर बायकोला दोन्ही दाखवले आणि कुठला नवा ते विचारलं. ती म्हणाली, "दोन्हीत तो तितकाच चिकणा आहे."

ठोकळा
मला वाटतं आपण सगळ्यात सोपं गणित विसरलोय. ५५ इंची टीव्हीवर ब्लू-रेचा एक ठिपका साधारण ०.६३ मिलिमीटरचा पडतो. निरोगी डोळ्याला तो सव्वादोन मीटरच्या, म्हणजे सात-साडेसात फुटांच्या पलीकडून सुटा दिसत नाही. तेवढ्या अंतरावरून ४के मधल्या जादा ठिपक्यांचा उपयोग शून्याच्या आसपास. कॉन्ट्रास्ट, अंधारातला तपशील, कमी कंप्रेशन, हे फायदे लांबूनही मिळतात. निशाचर, सोफा किती लांब?

निशाचर
आत्ता टेप लावून आलो. साडेदहा फूट.

टवाळखोर
सोफा तीन फूट पुढे घ्या. निदान ब्लू-रेचा पूर्ण तपशील तर फुकटात मिळेल.

निशाचर
मध्ये टीपॉय आणि बायकोची कुंडी आहे. कुंडी हलणार नाही, असं कळवण्यात आलंय.

जुनी रीळ
मग माझं मत असं. तपशिलासाठी घेऊ नका, तुमच्या अंतरावरून तो मिळायचा नाही. रंगासाठीही घेऊ नका, त्याचा निवाडा देणारं कोणी उरलेलं नाही. अंधारासाठी घ्या. मेलविलच्या सिनेमात निम्मा वेळ काळ्या कोटातला माणूस काळ्या दारात उभा असतो, आणि तो काळा नीट सुटा दिसणं ही मोठी गोष्ट आहे. आणि जुनी ब्लू-रे विकू नका. रंग आवडला नाही तर ती जवळ असावी.

रातकिडा
मी अजूनही म्हणतो, त्या पैशात न पाहिलेले दोन सिनेमे घ्या.

सातासमुद्रापार
ते तर घ्याच. पण पूर्ण किमतीला घेऊ नका. इकडे वर्षातून दोनदा, जुलै आणि नोव्हेंबरात, पुस्तकांच्या मोठ्या साखळी दुकानात क्रायटेरियन अर्ध्या किमतीत मिळतं. डिसेंबरात आम्ही येतोय, बॅगेत एक डिस्क कुठेही मावते.

निशाचर
मग ठरलं, नोव्हेंबर. दलाँ २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेला, त्या डिस्कनंतर सव्वा महिन्यातच. तेव्हाच घेणार होतो, राहून गेलं. सातासमुद्रापार, व्यक्तिगत निरोप करतो. सगळ्यांचे आभार, कुंडीचेसुद्धा.

पडदानशीन
आता विषय निघालाच आहे तर 'ल सेर्क्ल रूज'ची ४के कशी आहे? दरोड्याच्या प्रसंगात काळ्यावर काळंच आहे सगळं.

संपादक मंडळ
त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

टवाळखोर
काढा. रुमाल तयार आहे.